तिसरा प्रश्न

दादा कोणाच्याही घरी कामाला गेला की पिशवी खाली ठेवायच्या आधी तीन प्रश्न विचारतो. फ्यूज किती वेळा जातो? कुठे जळका वास येतो का? आणि कशाला हात लावून कधी मुंग्या आल्या का? घर ओळखीचं असो नाहीतर परक्याचं, प्रश्न तेच आणि क्रमही तोच. एकदा त्याने स्वतःच्या सासूबाईंनाही हेच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, मुंग्या माझ्या पायाला येतात, त्याचं काही करता का?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादा हसला नाही. त्याने पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

त्या सोमवारी तो माझ्या दारात उभा राहिला. मी त्याची धाकटी बहीण. या घराचं वायरिंग तीस वर्षांपूर्वी त्यानेच केलेलं, इथला खिळा न् खिळा त्याच्या माहितीचा. तरी पिशवी खांद्यावरच.

"फ्यूज?"

"वर्षातून एखाद्या वेळी जातो."

"जळका वास?"

"नाही."

"मुंग्या? नळाला, फ्रिजला, कधी?"

"नाही," मी म्हणाले.

पहिली दोन उत्तरं खरी होती.

बाथरूमच्या नळाला मुंग्या येत होत्या. आठ महिन्यांपूर्वी ह्यांनी मला ते तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा सहज, टॉवेलने डोकं पुसता पुसता. दुसऱ्यांदा जरा वैतागून. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या भावाला एकदा सांग बाई. पाण्यात रॉड लावला की नळ चावतो." मी म्हणाले, सांगते. त्यानंतर तीन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, हे आंघोळीला गेले आणि बाहेर आले नाहीत. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा बादलीत रॉड चालूच होता, पाणी उकळत होतं, आणि हे नळाखाली पडले होते. रॉडचं बटण मी बंद केलं. डॉक्टर आले. त्यांनी ह्यांना पाहिलं, गोळ्यांचा डबा पाहिला, जुने रिपोर्ट पाहिले आणि हार्ट अटॅक लिहून दिलं. हार्टच्या गोळ्या पाच वर्षांपासून चालू होत्या, त्यामुळे शंका यायचं कोणाला कारणच नव्हतं. मला आली. मुंग्या म्हणजे करंट, हे वायरमनच्या बहिणीला कोणी शिकवावं लागत नाही.

मी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला हाक मारून तो रॉड देऊन टाकला.

आता तुम्ही म्हणाल, सख्खा भाऊ वायरमन, चार गल्ल्या सोडून राहतो, मग एक फोन करायला काय धाड भरली होती? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी दादा कसा आहे ते सांगायला हवं.

आमचे वडील लवकर गेले. दादा सोळाव्या वर्षी एका कंत्राटदाराकडे कामाला लागला. पहिली दोन वर्षं त्याला वायरला हात लावू दिला नाही, फक्त शिडी वाहायची आणि स्क्रू पिळायचे. त्या दोन वर्षांत त्याच्या मनगटात जे काही बसलं ते अजून गेलेलं नाही. आजही तो लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतो तर पुढचे आठ दिवस ती कोणाला उघडत नाही. आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे, कंबर दुखते, पण शिडी अजून स्वतःच उचलतो.

गल्लीत त्याला ‘चालणार नाही मिस्त्री’ म्हणतात. त्याच्या तोंडावर नाही, मागे. एका बेकरीवाल्याने एकाच बोर्डावर तीन यंत्रं लावली होती. दादाने बघितलं आणि म्हणाला, चालणार नाही. बेकरीवाला म्हणाला, "अहो, दोन वर्षं चालतंय की!" दादाने पिशवी उचलली आणि चालायला लागला. बिचारा बेकरीवाला पीठभरल्या हातांनी रस्त्याच्या टोकापर्यंत त्याच्यामागे धावला. शेवटी दादाच्या मनासारखं झालं, नेहमी तसंच होतं. काम चोख, पण तोंड! हळू आवाजात रागावणं त्याला येतच नाही. जिथे चूक दिसेल तिथेच उभा राहून घर डोक्यावर घेतो.

आणि एक सवय आहे. काम संपलं की कानावरची पेन्सिल काढतो आणि बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहितो. तारीख, काय बिघाड सापडला, काय केलं. पुढे कधी दुसरा मिस्त्री आला तर त्याला अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. तोंडाने माणूस काय वाट्टेल ते बोलतो, असं त्याचं म्हणणं, दारावर लिहिलेलं मात्र खरंच असलं पाहिजे. दादाने जन्मात कोणाला पत्र लिहिलेलं नाही. त्याचं सगळं लिखाण लोकांच्या मीटरजवळच्या कपाटांत आहे.

तर फोनचं. पाच-सहा वर्षांपूर्वी ह्यांनी घरातल्या इस्त्रीला नवीन प्लग बसवला. स्वतः. तीन वायरींपैकी दोन जोडल्या आणि तिसरी, अर्थिंगची, जागा पुरत नाही म्हणून कापून टाकली. घरात दहा-बारा पाहुणे जेवायला बसलेले, आणि नेमकं दादाच्या ते नजरेस पडलं. झालं. इस्त्री हातात घेऊन तो मधोमध उभा राहिला. "हे बघा साहेबांचं काम! वायर जास्त झाली म्हणून कापली! उद्या बायको चिकटली असती इस्त्रीला!" ह्यांच्या हाताखाली ऑफिसात पन्नास माणसं होती. हे खाली मान घालून जेवत राहिले. त्यानंतर दादाला कशासाठी बोलवायचं म्हटलं की म्हणायचे, "बोलव, पण मी घरात नसताना."

त्यात गेल्या वर्षी मी प्लंबर आणून नळाचा पाइप बदलून घेतला होता. बाहेरचा लोखंडी पाइप कुजला होता, रस्त्यापासून भिंतीपर्यंत नवीन प्लास्टिकचा टाकला. प्लंबरने भिंत फोडताना दादाची वायरखालची लाकडी पट्टीही थोडी उचकटली होती. म्हणजे दादा आला की ते बघणार, बघितलं की ओरडणार. हे घरात असताना नको. रविवारी नको, रविवारी ह्यांना शांतता हवी असते. मग पुढच्या आठवड्यात बघू.

एवढंच होतं. याहून मोठं काही कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

हे गेल्यानंतर मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला आलाय! आत काही नव्हतंच. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं मला सगळंच आपलं वाटेनासं झालं. स्वयंपाक करत होते, जेवत होते, झोपतही होते. लेक महिनाभर राहिली, तिला कुशीत घेऊन थोपटत होते, आणि थोपटताना माझं लक्ष छताच्या पंख्यावरच्या धुळीकडे. कोणी विचारलं कशी आहेस, तर म्हणायचे बरी आहे, आणि ते खोटंही नव्हतं. वाईट वाटायला हवं हे मला ठाऊक होतं. पण आपण कुणाच्या घरी गेलो आणि तिथे कुणीच नाही, असं माझं मलाच झालं होतं.

आणि मी गार पाण्याने आंघोळ करत होते. थंडीतसुद्धा. गॅसवर पातेलं ठेवता आलं असतं, पण उजवा खांदा आखडलेला, गरम पाण्याचं पातेलं उचलवत नाही. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे गार पाणी अंगावर घेतलं की निदान त्वचेला काहीतरी कळायचं.

लेक सुट्टीला आली आणि तिने मला कुडकुडताना पाहिलं. "आई, तू वेडी आहेस का?" म्हणाली. परत गेल्यावर तिने खोकं पाठवलं. इलेक्ट्रिक शॉवर. भिंतीवर लावायची पांढरी पेटी, पाणी त्यातून जाता जाताच गरम होतं, रॉड नको, पातेलं नको. वर तिने परस्पर मामाला फोनही केला.

म्हणजे दादा आता भिंत उघडणार होता. नळाला करंट कुठून येत होता, येत होता की नव्हता, हे त्याला दिसणारच होतं. मग ह्यांचं हृदय बंद पडलं की माझ्या न केलेल्या फोनने ह्यांना मारलं, ते मलाही कळणार होतं. मला ते कळायला नको होतं. आणि कळल्याशिवाय मी आहे तिथून हलणारही नव्हते. म्हणून लेकीला नको म्हणाले नाही, आणि दादाच्या तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाले.

पहिल्या दिवशी त्याने खोक्यावरचं सगळं चष्मा लावून वाचलं. मग मला समोर बसवून समजावलं, गिऱ्हाइकाला समजावतो तसंच.

"साडेसात किलोवॅट. म्हणजे सात-आठ इस्त्र्या एकदम लावल्यासारखं. तुझ्या घरातली जुनी वायर एवढीशी. तिच्यावर हे टाकलं तर ती भिंतीतच भाजून निघेल. त्यामुळे जुन्या वायरीला हात लावायचाच नाही. बोर्डापासून बाथरूमपर्यंत स्वतंत्र जाड वायर. तिला स्वतंत्र स्विच. बाथरूमच्या बाहेर एक मोठा स्विच, आंघोळ झाली की बंद. आणि करंट कुठे गळाला तर आपोआप पडणारा एक स्विच बोर्डात."

"बरं."

"बरं काय? कळलं का?"

"कळलं, दादा."

खांबावरून येणारी वायर आणि मीटर आधीच बदलून झालं होतं. त्यासाठी त्याने वीज कंपनीच्या माणसाचा महिनाभर पिच्छा पुरवला होता. जुने चिनी मातीचे फ्यूज त्याने काढले आणि त्याच लाकडी कपाटात नवीन डबा बसवला. दार जुनंच ठेवलं. दाराच्या आत तीस वर्षांपूर्वीचं त्याचं अक्षर अजून दिसत होतं. माझ्या लग्नाच्या आठवड्यातली तारीख. हे वायरिंग म्हणजे त्याने मला लग्नात दिलेली भेट, आणि कंत्राटदाराशिवाय त्याने एकट्याने केलेलं पहिलं काम. खाली लिहिलं होतं, ‘अर्थिंग पाण्याच्या पाइपला.’

तेव्हा सगळेच तसं करत. लोखंडी पाइप जमिनीत लांबवर गेलेला असतो, अर्थिंगची वायर त्याला बांधली की झालं. वायरमन लोकांची ती नेहमीची रीत होती.

दिवसभर ठोकाठोक झाली. वायरच्या क्लिपा तो वीतभर अंतरावर मारतो, मोजून. एक अर्धा बोट पुढे गेली तर उपटून पुन्हा. दुपारी उचकटलेली जुनी पट्टी त्याला दिसली. मी भांडी घासता घासता कान टवकारले.

"हे कोणी केलं?"

"प्लंबरने."

"गाढव आहे," तो म्हणाला आणि पुढे गेला. माझ्या वाट्याला काही आलं नाही. नवरा गेलेल्या बहिणीला ओरडायचं नाही, असं बहुधा वहिनीने बजावून पाठवलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो अर्थिंग शोधायला घराच्या मागे गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. तिथून बाथरूमची बाहेरची भिंत दिसते. त्याने छिन्नीने प्लास्टर काढलं. आतली वायर दिसली, तिच्या टोकाला पाइपवर आवळलेली पट्टी दिसली. पट्टी घट्ट होती, तीस वर्षांनीही. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला. मग पाइपवरून हात खाली आणला. वीतभर लोखंड, आणि त्याच्याखाली माझा करडा प्लास्टिकचा पाइप.

त्याचा हात तिथेच राहिला.

मी शाळेत शिकलेली नाही ही विद्या, पण दादाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की कळलं. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या वायरी त्या वीतभर लोखंडाला येऊन मिळत होत्या आणि तिथेच थांबत होत्या. कुठल्याही वस्तूतून गळलेला करंट जमिनीत जायच्या ऐवजी नळात येऊन बसत होता. रॉड जुना होता. रॉडमधून गळत होता.

दादा खाली बसला. मातीतच. मी ओरडण्याची वाट बघत होते. मला वाटतं, मला ते हवंही होतं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याने ओरडावं, कोणी पाइप बदलला, मला का नाही विचारलं, अक्कल गहाण ठेवली होती का. तो बसून राहिला. इतक्या वर्षांत चूक दिसूनही गप्प राहिलेला दादा मी पहिल्यांदा बघत होते.

मग खिडकीकडे न बघताच म्हणाला, "हा पाइप कधीचा?"

"गेल्या वर्षीचा. हे जायच्या आधी दोन महिने."

"आणि तो पाणी तापवायचा रॉड कुठे आहे?"

"भंगारात दिला."

त्याने मान हलवली. का दिला ते विचारलं नाही. उठला, कपडे झटकले, खिडकीजवळ आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अर्थिंग ठीक होतं. जुनं आहे, म्हणून मी नवीन करतो. बाकी काही नाही."

"ठीक होतं?"

"हो. त्यांचं हार्टच होतं. डॉक्टरांनी लिहिलंय ना."

बेकरीवाल्याला, सासूबाईंना, वीज कंपनीच्या साहेबाला, कोणालाही ज्याने कधी ‘चालतंय’ म्हटलं नाही, तो माझ्याकडे बघून हे बोलत होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याला ते जमतही नव्हतं. कान लाल झाले होते. मला काही वाटायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा टाकते."

त्या दिवशी त्याने मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. कंबर दुखते म्हणून खणायला माणूस लावतो एरवी, त्या दिवशी कोणाला बोलावू दिलं नाही. सहा फूट लोखंडी नळी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ घातलं, वरून पाणी ओतलं. मीटर लावून मोजलं. बरोबर आलं. तरी पुन्हा मोजलं, पुन्हा, मग अजून एकदा. उरलेला लोखंडी पाइपही नवीन अर्थिंगला जोडला. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. मी शेकायला पिशवी देऊ का विचारलं तर म्हणाला, राहू दे.

तिसऱ्या दिवशी शॉवर बसला. त्याने मोठा स्विच दाबला, लाल दिवा लागला, आणि पाणी आलं. आधी त्याने उलट्या हाताने नळाला स्पर्श केला, करंट असलाच तर मूठ आवळून हात चिकटू नये म्हणून. मग पाण्याखाली हात धरला. मग मला म्हणाला, "लाव हात."

मी लावला. पाणी गरम होतं. गरम आहे हे मला कळलं, रेडिओवरची बातमी कळते तसं.

"बोर्डातल्या त्या स्विचवर एक बटण आहे, टी लिहिलेलं. आठवड्यातून एकदा दाबायचं. स्विच खाली पडला पाहिजे. नाही पडला तर मला फोन कर. लगेच." त्याने ‘लगेच’ वर जोर दिला आणि मग दुसरीकडे बघितलं. "आठ दिवसांनी येतो. नवीन वायर स्क्रूखाली बसते, पुन्हा पिळायला लागतं."

निघायच्या आधी तो कपाटाशी पाठमोरा उभा राहून लिहीत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग दार लावलं आणि पेन्सिल कानावर ठेवायची विसरून खिशात घातली.

मी शॉवर लावला नाही. लेकीने फोनवर विचारलं, तिला म्हणाले छान आहे. आणि रोज सकाळी बादलीतलं गार पाणी घेत राहिले.

सातव्या दिवशी मला ते बटण आठवलं. उद्या येऊन विचारेल, दाबलं का, म्हणून कपाट उघडलं. दाराच्या आत वर जुनी ओळ, ‘अर्थिंग पाण्याच्या पाइपला’. तिच्याखाली ताजी पेन्सिल.

‘जुनं अर्थिंग तुटलेलं सापडलं. पाइप प्लास्टिकचा झाला. नळात करंट येत असणार. पाइपवरचं अर्थिंग बदलायला पाहिजे हे मला दहा वर्षं माहीत होतं. बाकीच्यांचं बदललं. बहिणीचं राहिलं. चूक माझी. नवीन अर्थिंग मागे, सहा फूट.’

मी ते तीनदा वाचलं. पुढच्या मिस्त्रीसाठी लिहिलेलं. मला तोंडाने एक सांगितलं होतं, पण दारावर खोटं लिहिणं त्याला जमलं नव्हतं.

आणि मला राग आला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. असा आला की कान तापले. चूक माझी म्हणे! ह्यांनी तुला सांगितलं होतं का तीनदा? पाइप तू बदललास का? सगळं आपल्याच अंगावर घेऊन मोकळा झाला, मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याच्या मरणातला माझा वाटा हा परस्पर कसा घेऊ शकतो? मी टीचं बटण इतक्या जोरात दाबलं की स्विच फाडकन पडला. पडायलाच हवा होता. मी तो पुन्हा वर केला आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

आठव्या दिवशी दादा आला. दारात उभा राहिला, पिशवी खांद्यावर.

"फ्यूज, म्हणजे स्विच पडला का कधी?"

"बटण दाबल्यावर पडला."

"जळका वास?"

"नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली.

मी दार अडवून उभी राहिले. "तिसरा?"

"काय तिसरा?"

"तिसरा प्रश्न विचारला नाहीस."

"आता काय विचारायचं, नवीन तर आहे सगळं. सरक."

"विचार, दादा."

त्याने कपाटाकडे बघितलं. मी वाचलंय हे त्याला कळलं. खूप हळू आवाजात म्हणाला, "मुंग्या आल्या का कधी?"

"आल्या. ह्यांना. तीनदा सांगितलं मला. रॉड लावला की नळ चावतो, म्हणाले. तुला सांग म्हणाले. मी सांगितलं नाही."

दादाने भिंतीला हात टेकला.

"का नाही सांगितलंस?"

"तू ओरडशील म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

तो जमिनीकडे बघत होता. त्याला हे बोलून मी बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते त्याचंही होतं, आणि माझंही.

"ह्यांचं हार्ट होतं की करंट होता?" मी विचारलं. "खरं सांग."

"कळणार नाही," तो म्हणाला. "हार्ट असेल. करंट असेल. दोन्ही असेल. तो रॉड असता तरी आता नक्की कळलं नसतं. मला कळत असतं तर मी सांगितलं असतं गं."

मग तो कपाटाशी गेला आणि एकेक स्क्रू पिळू लागला. दहा-बारा स्क्रू असतील. त्याचा हात घसरत होता. मी ते कधी बघितलं नव्हतं. शेवटी त्याने पेचकस खाली ठेवला आणि बाहीने डोळे पुसले, आणि मला न बघता विचारलं, "शॉवर लावलास का?"

"नाही."

"मग कशाने करतेस आंघोळ?"

"गार पाण्याने."

"आठ महिने?"

मी मान हलवली. तो ओरडला. अगदी पूर्वीसारखा, घर डोक्यावर घेऊन. अक्कल आहे का, न्युमोनिया व्हायचाय का, कोणासाठी बसवलं मी हे सगळं, जा आधी, टॉवेल घे आणि जा! मला इतकं बरं वाटलं त्या ओरडण्याने की मी खरंच टॉवेल घेतला आणि गेले.

आत जाऊन दार लावलं. बाहेर त्याने मोठा स्विच दाबल्याचा खटका ऐकू आला. दिवा लागला. मी नळ फिरवला आणि पाणी आखडलेल्या खांद्यावर पडलं. गरम. इतकं गरम की मी ओरडले असते. खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पायांवर. ज्या जागी हे पडले होते तिथेच मी उभी होते, आणि मला रडू फुटलं. थांबवता येईना. लहान मुलासारखं, तोंड वासून, पाण्याच्या आवाजात.

"मुंग्या येतायत?" दादाने दाराबाहेरून विचारलं.

मला बोलता येईना.

"अगं, मुंग्या येतायत का?" आता त्याचा आवाज चढला होता, घाबरलेला.

"नाही."

"नळाला हात लाव. उलटा हात लाव."

मी उलटा हात नळाला लावला.

"नाही येत, दादा."

"नक्की?"

"नक्की."

तरी मी बाहेर येईपर्यंत तो स्विचवर बोट ठेवून तिथेच उभा होता.